लेखकाचं वाक्य बोलायचं कोणी? विनोदी कादंबरी रेडिओवर जाते तेव्हा

समजा, एका विनोदी कादंबरीत असं लिहिलेलं आहे:

'भाऊसाहेब "येतो" म्हणाले. पण म्हणाले ते अशा सुरात, की मुलीच्या बापाला वाटलं, आपण लग्नपत्रिकेऐवजी चुकून जप्तीची नोटीस तर यांच्या हातात दिली नाही ना!'

(वाक्य माझंच आहे, उगाच कुठल्या पुस्तकात शोधत बसू नका.) आता या प्रसंगाची श्रुतिका करायची आहे. श्रुतिका म्हणजे सगळा कारभार आवाजांचा. माणसं बोलणार, दारं वाजणार, कपबशा किणकिणणार, मधूनमधून संगीताचा तुकडा. तुम्ही कागद पुढे ओढता, डावीकडे पात्राचं नाव लिहिता आणि उजवीकडे त्याचा संवाद:

भाऊसाहेब: येतो.

संपलं. पत्रिका गेली, जप्ती गेली, मुलीच्या बापाचा उडालेला रंग गेला. उरला एक शब्द, आणि त्यात हसण्यासारखं काही नाही.

विनोदी कादंबरीचं नभोनाट्य करणाऱ्याच्या डोक्याला असतो तो ताप हाच. रहस्यकथेत खून, पुरावा, संशयित आणि शेवटी उलगडा असा ऐवज असतो. तो उचलून रेडिओवर ठेवला तर बराचसा शाबूत पोचतो. विनोदी कादंबरीचा ऐवज कथानकात नसतोच. 'एक तरुण एका म्हाताऱ्याच्या बंगल्यातून चांदीचं दुधाचं भांडं पळवायला जातो आणि फसतो.' हसलात? नाही ना? पण हे कथानक आहे पी. जी. वुडहाउस यांच्या १९३८ सालच्या 'द कोड ऑफ द वूस्टर्स'चं, आणि ही कादंबरी वाचताना लोकलमध्ये एकटंच हसून शेजाऱ्याला घाबरवलेली माणसं मला माहीत आहेत. मी त्यांतलाच एक. हसू येतं ते भांड्याच्या चोरीला नाही, ती चोरी सांगणाऱ्याच्या वाक्यांना.

म्हणून रूपांतरकारापुढचा पहिला प्रश्न 'काय घ्यायचं, काय गाळायचं' हा नसतो. प्रश्न असतो, लेखकाचं वाक्य बोलायचं कोणी?

नाटकात आणि सिनेमात या प्रश्नाचं उत्तर अवघड आहे. रंगमंचावर निवेदक उभा केला की जेवणं झाल्यावरही न उठणाऱ्या पाहुण्यासारखा तो डोळ्यांवर येतो. सिनेमात चित्र दिसत असताना वरून कोणी बोलायला लागलं तर 'दिसतंय की आम्हाला' असं होतं. रेडिओवर मात्र निवेदक आणि पात्रं एकाच मातीची. दोघंही आवाजच. निवेदकाला उभं राहायला कोपरा शोधावा लागत नाही, आणि तो बोलतो तेव्हा पात्रांना ताटकळत उभं राहिल्यासारखं दिसण्याची भीती नसते. ती दिसतच नाहीत.

हे मराठी माणसाला वेगळं पटवून द्यायला नको. पु. ल. देशपांडे यांचं 'अंतू बर्वा' किंवा 'म्हैस' आपल्यातल्या कितीतरी जणांनी वाचण्याआधी कॅसेटवर ऐकलंय. आता पुस्तक उघडलं तरी ओळी त्यांच्याच आवाजात, त्यांच्याच थांब्यांसकट कानात येतात. ते काही वर्षं आकाशवाणीत नोकरीला होते, हा निव्वळ योगायोग नसावा असं मला वाटतं. विनोदी गद्याचं मूळ घर तोंडात आणि कानात आहे. कागदावर ते भाड्याने राहतं.

चिं. वि. जोशींचा चिमणराव आठवा. तो स्वतःच स्वतःची हकिगत सांगतो. त्याला वाटतं आपण सगळं व्यवस्थित समजावतोय, आणि वाचकाला कळत असतं की या गृहस्थाला अर्धं समजलेलंच नाही. वुडहाउस यांचा बर्टी वूस्टर वेगळ्या देशातला आणि वेगळ्या थरातला. पैसा भरपूर, काम शून्य, आणि अडचणीतून सोडवायला जीव्ह्ज नावाचा हुशार नोकर हाताशी. पण सांगण्याची तऱ्हा तीच. गोष्ट सांगणारा हा गोष्टीतला सगळ्यात कमी समज असलेला माणूस. रेडिओला असा निवेदक म्हणजे आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. निवेदन आणि अभिनय एकाच नटाच्या गळ्यातून येतात. बर्टी आत्याशी बोलता बोलता श्रोत्यांकडे वळतो, आपलं दुखणं सांगतो, पुन्हा आत्याकडे वळतो. त्याला खोली ओलांडावी लागत नाही. मायक्रोफोनच्या थोडं जवळ सरकून आवाज खाली आणला की झालं. श्रोत्याला काही न सांगता कळतं की हे आत्याने ऐकलेलं नाही.

बीबीसीच्या 'रेडिओ ४' या वाहिनीवर १९७३ पासून १९८१ पर्यंत 'व्हॉट हो! जीव्ह्ज' ही मालिका झाली. बर्टी होता रिचर्ड ब्रायर्स आणि जीव्ह्ज मायकेल हॉर्डर्न. रूपांतरं क्रिस मिलर यांची, निर्माते डेव्हिड हॅच आणि सायमन ब्रेट. यातलं सायमन ब्रेट हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. मालिका सुरू झाली तेव्हा वुडहाउस हयात होते. ते १९७५ च्या फेब्रुवारीत वारले.

जीव्ह्जच्या बाबतीत रेडिओपुढे एक गमतीशीर पेच आहे. पुस्तकात तो खोलीत 'येत' नाही, नुसता तरंगत प्रकटतो. पावलांचा आवाज नाही, दाराची करकर नाही. वाचताना हे झकास लागतं. पण रेडिओवर ज्याचा आवाज नाही तो अस्तित्वातच नाही! चार माणसांच्या प्रसंगात एखादं पात्र मिनिटभर गप्प बसलं की श्रोत्याच्या लेखी ते घरी गेलं. म्हणून तर श्रुतिकेत माणसं एकमेकांना खऱ्या आयुष्यापेक्षा जास्त वेळा नावाने हाक मारतात. मग आवाज न करता येणं हीच ज्याची ख्याती, त्याला आणायचा कसा?

सोडवणूक वुडहाउस यांनीच करून ठेवलीय. जीव्ह्ज खोकतो. नाराजी असली, सूचना करायची असली, की मालकाचा मान राखून हलकंसं खोकतो. बर्टीला तो खोकला कुठल्यातरी दूरच्या डोंगरावर म्हाताऱ्या मेंढीने घसा साफ केल्यासारखा वाटतो. आता इथे रूपांतरकाराचं खरं काम सुरू होतं. आधी खोकला ऐकवायचा आणि मग मेंढीची उपमा? की आधी उपमा आणि मग खोकला? पहिल्या क्रमात आपण नुसता खोकला ऐकतो आणि बर्टी त्यावर शेरा मारतो. दुसऱ्या क्रमात मेंढी आपल्या डोक्यात आधीच चरायला लागलेली असते, आणि तेवढ्यात खोकला येतो. शब्द तेच, आवाज तोच, पण हशा वेगळ्या जागी पडतो. मी असतो तर पहिल्यांदा उपमा आधी ठेवली असती, आणि पुढच्या भागांत उपमा पार काढून टाकून नुसता खोकला. श्रोत्याला मेंढी आता पाठ झालेली असते.

मग लांबीचा हिशेब. इंग्रजी संवाद मिनिटाला साधारण दीडशे शब्दांच्या चालीने जातात असं धरा. अर्ध्या तासाचे सहा भाग म्हणजे १८० मिनिटं, म्हणजे २७ हजार शब्द. कादंबरी पाऊण लाख शब्दांची असली तर जवळजवळ दोन तृतीयांश गेली! उपकथानकं जातात, एका कामापुरते येणारे पाहुणे जातात, दोन आत्यांची एक आत्या होते. या कात्रीची फारशी चिंता करू नये. कापायला कथानक भरपूर असतं. अवघड आहे ते वाक्य वाचवणं, कारण लांबलचक आणि मुद्दाम भरकटणारं वाक्य हाच बर्टीचा विनोद, आणि वेळ कमी पडला की पहिली कात्री नेमकी त्याच्यावर चालते.

आणखी एक खड्डा सांगतो. दिसत नाही म्हणून सगळं बोलून दाखवायचा. 'अरे बापरे, तू तर खिडकीतून आत येतोयस, आणि तुझ्या हातात माझं चांदीचं भांडं!' असं कुठला माणूस बोलतो? टिमोथी वेस्ट या नटाने या खोडीवर एक अख्खं विडंबन-नभोनाट्य लिहिलं. त्याच्या शीर्षकाचा अर्थच 'माझ्या उजव्या हातातलं हे पिस्तूल भरलेलं आहे' असा. रेडिओवाल्यांत ते बरंच प्रसिद्ध आहे. विनोदी कादंबरीला इथे थोडी सवलत मिळते. निवेदक जवळ असल्याने भांडं गायीच्या आकाराचं आहे, शेपटी म्हणजे ते धरायचा कान, हे त्याला सरळ सांगता येतं. वर ते किती भीषण दिसतं हेही. पात्रांना मग माणसांसारखं बोलायची मोकळीक मिळते.

आपल्याकडे मुंबई आकाशवाणीवर 'पुन्हा प्रपंच' गाजायचं. प्रभाकरपंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी. घरात रेडिओ लागला की भावजींचा आवाज शेजारच्यांनाही ओळखू यायचा. पण ते लिहिलंच गेलं होतं रेडिओसाठी, त्यामुळे मेंढीची अडचण त्याला कधी आली नाही. अडचण येते ती पुस्तकातून रेडिओकडे येताना. आणि या बाबतीत सगळ्यात शिकवणारं उदाहरण आहे ते आधी उलट दिशेने गेलेलं.

'द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी'चा पहिला भाग ८ मार्च १९७८ च्या रात्री साडेदहाला 'रेडिओ ४'वर लागला. त्याचा निर्माता? सायमन ब्रेट. पुढचे भाग जेफ्री पर्किन्स यांनी केले. लेखक डग्लस अॅडम्स, वुडहाउस यांचे निस्सीम भक्त. गोष्ट अशी, की अंतराळातल्या हमरस्त्याच्या आड येते म्हणून पृथ्वी पाडली जाते, आणि आर्थर डेंट नावाचा एक सरळमार्गी इंग्रज ड्रेसिंग गाउनवर विश्वात भटकायला लागतो.

अॅडम्स यांनी लेखकाच्या वाक्याचा प्रश्न असा सोडवला, की अजून त्याला तोड नाही. निवेदक म्हणून माणूस न घेता त्यांनी पुस्तकच घेतलं. प्रवाशांच्या हातात असलेली मार्गदर्शिका स्वतः बोलते. कुठल्याही क्षणी गोष्ट थांबवून ती माशाबद्दल, टॉवेलबद्दल किंवा वाईट कवितेबद्दल दोन मिनिटं माहिती देऊ शकते, आणि ते आगंतुक वाटत नाही, कारण माहिती देणं हे तिचं कामच. भरकटणं हीच नोकरी! तिच्यासाठी पीटर जोन्स नावाच्या इंग्रज नटाचा असतो तसा, 'पीटर जोन्ससारखा' आवाज हवा, असं ठरलं. मंडळी पीटर जोन्ससारखा आवाज असणारी माणसं शोधत बसली, आणि मग कोणाच्यातरी लक्षात आलं की खुद्द पीटर जोन्स यांनाच का विचारू नये. तेच आले. त्यांचा आवाज शांत, सभ्य, जरासा गोंधळलेला. स्वतःच्या विनोदाचा त्याला पत्ताच नाही. गंभीरपणे माहिती सांगताना अचानक भलतंच काहीतरी निघून जावं आणि सांगणाऱ्याने जराही न थबकता पुढे जावं, त्यातली मजा आहे ती.

त्या काळी बीबीसीच्या विनोदी कार्यक्रमांना समोर प्रेक्षक बसवायची रीत होती. ते हसतात, आणि घरातल्या श्रोत्याला संगत मिळते. 'हिचहायकर्स'ने ती रीत मोडली. एकाच्या आवाजावर यंत्रमानवाचा मुलामा, दुसऱ्याच्या आवाजाला पोकळ घुमारा, त्यावर बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपने बनवलेले चित्रविचित्र नाद. हे सगळे थर वेगवेगळे घेऊन नंतर एकमेकांवर चढवायचे होते. आवाज एकमेकांत मिसळू नयेत म्हणून काही नटांना चक्क कपाटात उभं करून त्यांचे संवाद घेतले गेले. समोर प्रेक्षक असते तर त्यांना कपाटात बोलणारे लोक दिसले असते. हशा नसल्याचा दुसरा फायदा जास्त मोठा आहे. लेखकाला हशासाठी जागा सोडावी लागत नाही. एक विनोद पुरता उतरला नाही तोवर दुसरा येतो, पुस्तकात येतो तसा.

फरक इतकाच, की पुस्तकात मागे जाऊन ओळ पुन्हा वाचता येते. रेडिओवर निसटलेलं वाक्य गेलं ते गेलं. म्हणून श्रुतिकेत विनोदाचा शब्द वाक्याच्या टोकाला ठेवतात आणि त्यानंतर श्वासभर थांबतात. तो श्वास किती लांब, हे वाचक नव्हे, दिग्दर्शक ठरवतो. कादंबरी आणि नभोनाट्य यांत मला सगळ्यात मोठा वाटणारा फरक हा आहे.

या गोष्टीत झॅफॉड बीबलब्रॉक्स नावाचा एक माणूस आहे, त्याला दोन डोकी. रेडिओवर ही एका ओळीची गंमत, खर्च शून्य. १९८१ साली त्याच गोष्टीची दूरचित्रवाणी मालिका झाली तेव्हा नटाच्या खांद्यावर यांत्रिक डोकं बसवावं लागलं. ते धड हलायचंही नाही आणि खरंही वाटायचं नाही. कानाने ऐकलेलं दुसरं डोकं प्रत्येकाच्या मनात व्यवस्थित बसलेलं होतं.

१९७९ मध्ये अॅडम्स यांनी यावरून कादंबरी लिहिली. तिच्यात रेडिओच्या पहिल्या चार भागांचा मजकूर आला. पीटर जोन्स यांचा आवाज छापील निवेदन झाला. पुढे आणखी कादंबऱ्या आल्या, १९८०, १९८२, १९८४ आणि १९९२ मध्ये. तिसरी आणि त्यापुढच्या रेडिओवरून आलेल्याच नव्हत्या. त्या थेट पुस्तकं म्हणून जन्मल्या. त्या रेडिओवर आणण्याचं काम डर्क मॅग्ज या रेडिओ-दिग्दर्शकाने केलं, २००४ आणि २००५ मध्ये. तोवर पीटर जोन्स गेले होते, २००१ साली अॅडम्सही गेले होते. पुस्तकाचा आवाज विल्यम फ्रँकलिन यांनी दिला. आर्थर मात्र तोच, सायमन जोन्स, पंचवीस-सव्वीस वर्षांनी पुन्हा ड्रेसिंग गाउनमध्ये.

मॅग्ज यांच्यापुढे चमत्कारिक पेच होते. रेडिओची १९८० सालची दुसरी मालिका आणि तिसरी कादंबरी यांचा मेळ बसत नव्हता. रेडिओत जे घडलं होतं ते पुस्तकात घडलेलंच नव्हतं. मग ते सगळे झॅफॉडला झालेले भास असावेत, अशी पळवाट काढली गेली. मला ही युक्ती फार आवडते. विसंगती लपवण्याऐवजी तिचाच विनोद केला, आणि तोही मूळ लेखकाला शोभेलसा. शेवटच्या कादंबरीचा अंत काळाकुट्ट आहे. अॅडम्स यांनाही ते पुस्तक फार उदास झालं असं नंतर वाटत होतं. रेडिओवर मॅग्ज यांनी तो अंत तिथेच न थांबवता त्याला सुखाचं शेपूट जोडलं. काही वाचकांना हा आगाऊपणा वाटला असेल. मला नाही वाटला. पुस्तक मिटून बाजूला ठेवता येतं. मालिकेबरोबर कित्येक आठवडे बसलेल्या माणसाला रेडिओ बंद करताना पुढ्यात अंधार ठेवून जाणं बरं नव्हे.

आणि एक आवाज. तिसऱ्या कादंबरीत अॅग्राजॅग नावाचा एक जीव आहे. तो पुन्हा पुन्हा जन्म घेतो आणि दर जन्मी आर्थरच्याच हातून, आर्थरच्या नकळत, मरतो. कधी माशी म्हणून, कधी ससा म्हणून. शेवटी तो आर्थरला गाठून जाब विचारतो. ही भूमिका आपण करावी अशी अॅडम्स यांची इच्छा होती. त्यांनी हयातीत ती कादंबरी स्वतः वाचून ध्वनिमुद्रित केली होती. मॅग्ज यांनी त्यातले अॅग्राजॅगचे संवाद उचलले आणि आर्थरचं बोलणं त्यांना जोडून घेतलं. म्हणजे 'तू मला किती वेळा मारलंस' असा आरडाओरडा करणारा तो जीव प्रत्यक्षात तीन वर्षांपूर्वी वारलेल्या लेखकाच्या आवाजात बोलतो. लेखकाचं वाक्य बोलायचं कोणी, याचं इतकं सरळ उत्तर दुसरं सापडायचं नाही.

डिसेंबर २०१४ मध्ये मॅग्ज यांनीच टेरी प्रॅचेट आणि नील गेमन यांची 'गुड ओमेन्स' ही कादंबरी 'रेडिओ ४'साठी केली. तिच्यात लेखकांनी स्वतः छोट्या भूमिकाही केल्या. तिची अडचण वेगळी: तळटीपा. तिथे अर्धे विनोद पानाच्या तळाशी दडलेले असतात. डोळा खाली जातो, हसतो, वर येतो. कानाला खाली जाता येत नाही. रेडिओवर टीप ही एक तर निवेदकाचं वाक्य होते, किंवा पात्राच्या तोंडी जाते, किंवा सरळ कापली जाते.

आता भाऊसाहेबांचं काय करायचं? निवेदक ठेवून माझं वाक्य जसंच्या तसं वाचता येईल. मुलीच्या बापाला घरी जाऊन बायकोला सांगू देता येईल: 'अगं, पत्रिका दिली मी, पण त्यांनी ती वकिलाला दाखवतो म्हटल्यासारखी धरली होती.' वाईट नाही. पण मी करेन तर असं. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक. पत्रिकेचं पाकीट फाडल्याचा आवाज, हळू, फार हळू. कागद उलगडतो. चष्म्याच्या डबीचं झाकण टकन वाजतं. पुन्हा टिकटिक, नको तितकी लांब. मुलीचा बाप घसा खाकरतो, मग पुन्हा खाकरतो. एक खोल उसासा.

भाऊसाहेब: येतो.

आणि टिकटिक सुरूच.